टाळाचं चित्र

नोव्हेंबर हा आमच्या शाखेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. कोषागाराकडून याद्या येतात आणि निवृत्तिवेतनधारकांनी स्वतः येऊन आपल्या नावासमोर सही किंवा अंगठा करायचा असतो. साताऱ्यातली आमची शाखा पेन्शनवाल्यांची म्हणूनच ओळखली जाते. दहाला शटर वर जायच्या आधी पायऱ्यांवर काठ्या, कापडी पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या रांगेत नंबर धरून बसलेल्या असतात.

गेल्या वर्षीचा तो गुरुवार होता. जेवणाच्या सुट्टीनंतर टोकनच्या भोंग्याखाली कोणीतरी एकदम ओरडलं. पाहिलं तर चाळिशीतला एक माणूस. कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागलेले, शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. दोन्ही कानांची पाळी पुढे दुमडून त्याने अंगठ्याने घट्ट दाबून धरली होती. लोक कानांवर हात ठेवतात, तसे ते नव्हते. माझा आठ वर्षांचा मुलगा मिक्सर लागला की अगदी असाच कान दुमडतो. मला क्षणभर खुर्चीतून उठताच आलं नाही.

सोबत त्याची आई होती, पंचाहत्तरीची असेल. "मॅडम, त्यो आवाज तेवढा बंद करता का? त्येला सोसत न्हाई." मी उठून भोंगा बंद केला आणि नंबर तोंडाने पुकारायला शिपाईदादांना उभं केलं. पाच मिनिटांत तो शांत झाला आणि काउंटरवरच्या पैसे भरायच्या स्लिपा जुळवायला लागला. चारही कडा बोटाने ठोकून, एकही कोपरा बाहेर राहणार नाही असा गठ्ठा. मग दोऱ्याला बांधलेली पेनं, सगळ्यांची टोपणं एका दिशेला. रांगेतले एक काका कुरकुरले. मी त्यांना म्हटलं, करू द्या, आमचंच काम होतंय.

आजींचं काम पाच मिनिटांचं होतं. नवऱ्याच्या मागे त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, त्याची सही झाली. पण त्या उठेनात. रांग ओसरेपर्यंत थांबल्या आणि मग हळूच विचारलं, "माझ्या मागं ह्येला मिळंल न्हवं पेन्शन?"

हा प्रश्न मी रोज रात्री झोपताना ऐकते. माझ्या मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचं निदान तिसऱ्या वर्षी झालं, त्या संध्याकाळपासून हा प्रश्न माझ्या उशाशी आहे.

मी त्यांना आत माझ्या टेबलापाशी बसवलं. पिशवीतून कागद निघाले. मुलाचा दाखला 1996 सालचा, निळ्या शाईचा शिक्का पुसट झालेला. त्यावर लिहिलं होतं 'मतिमंद'. दहा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका डॉक्टरांनी 'ऑटिझम' असा शब्द सांगितला होता, पण कागद तोच राहिला. दाखला निघाला त्या काळी दुसरं काही लिहिण्याची सोयच नव्हती. 1995च्या अपंगत्वाच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. 2016च्या कायद्यात एकवीस प्रकार आले, तेव्हा ती आली. म्हणजे या माणसाची अख्खी शाळेची वर्षं त्याच्यासाठी सरकारदरबारी शब्दच नसताना गेली. माझ्या मुलाच्या फाइलीत तीन रंगांची सर्टिफिकेटं आहेत आणि मी मात्र कमी पडल्याचीच तक्रार करत असते.

आजींना वाटत होतं, आई जिवंत आहे म्हणजे तीच पालक. बहुतेकांना तसंच वाटतं. पण मूल 18 वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान होतं आणि आईबापाचं नैसर्गिक पालकत्व संपतं. मग 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. या कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं), मतिमंदत्व आणि बहुविकलांगता हे चारही येतात, म्हणून जुना दाखला असला तरी अर्जाला वाट आहे. समितीचा दाखला हातात आला की त्यावर बँकेत खातं उघडता येतं, रिझर्व्ह बँकेने बँकांना तसं कळवलेलं आहे. पेन्शनच्या नियमांत दिव्यांग अपत्यासाठी तरतूद आहे, पण कार्यालयाच्या नोंदीत त्याचं नाव आईच्या हयातीत लागलेलं बरं. आणि आजींच्या नंतर पालक कोण, हेही आत्ताच ठरवायला हवं. त्या म्हणाल्या, भाचा हाय.

अर्जाचा नमुना माझ्याकडे तयारच होता. मुलगा आठ वर्षांचा असताना त्याच्या अठराव्या वर्षाचा अर्ज मी पेनड्राइव्हवर ठेवून बसले होते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी, म्हणून ते दोन शनिवार पुण्याला ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमण्याचा सराव. इतर दिवशी संध्याकाळी स्पीच, म्हणजे बोलण्याची थेरपी. बदली होईल म्हणून बढतीची परीक्षा दिली नाही. रविवारी, मुलाला दिवसाचा क्रम कळावा म्हणून, आठवड्याची चित्रांची कार्डं कापायची. पाच वर्षं मी अशी जगत होते आणि मला वाटायचं, आई म्हणून हे इतकंच पुरेल की नाही.

आम्ही अर्ज भरायला घेतला. साडेतीनच्या सुमारास तो पुढेमागे झुलायला लागला. आजींनी पिशवीतून कॅलेंडरचं एक जुनं पान काढून त्याच्यापुढे ठेवलं. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने चित्रं काढलेली होती: एसटी, कुलूप लावलेली इमारत, वडापाव, पुन्हा एसटी आणि शेवटी टाळ. दोरीने जोडलेले दोन टाळ, बाजूला घड्याळ, काटा पाचावर. आमच्या थेरपिस्ट ज्याला व्हिज्युअल शेड्यूल, म्हणजे चित्रांचं वेळापत्रक, म्हणतात आणि मी जे लॅमिनेट करून वेल्क्रो लावून आणते, ते या बाईने कोणी न शिकवता पंचवीस वर्षांपासून कॅलेंडरच्या पाठीवर चालवलं होतं.

त्याने टाळावर बोट ठेवलं. "आई टाळ. पाच."

आजी लगेच उठल्या. "चला, उरलेलं सोमवारी करू."

मला कळेना. अर्ज निम्मा भरला होता. म्हटलं, आजी, अर्ध्या तासाचं काम आहे, एवढं महत्त्वाचं, पूर्ण करूनच जा. त्या म्हणाल्या, "आज गुरुवार हाय. भजन हाय माजं. येवढी वर्सं थांबलं, चार दिस थांबंल."

मग पदर सावरत दोन वाक्यांत सांगितलं. नवरा गेल्यावर त्या वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. मुलाला सोडून जायचं कसं? शेवटी एका गुरुवारी कागदावर टाळ काढला आणि त्याला शेजारच्या शिंपिणीकडे बसवलं, बटणं निवडायला. "पयल्या चार-सा बारीला ह्येनं लई गोंधळ घातला. मीबी रडले. पर टाळ काडायचा सोडला न्हाई. आता मला कणकण असली तरी ह्योच बसू देत न्हाई घरात."

आणि खरोखरच तो दारापाशी उभा राहून आईच्या चपला सरळ करत होता. दोन्ही अंगठे बाहेरच्या दिशेला.

स्वमग्न मुलाला ठरलेली गोष्ट ठरल्यासारखीच व्हावी लागते, या हट्टाशी मी पाच वर्षं झगडत होते. त्याच हट्टाच्या आधाराने आपली दोन तासांची जागा राखता येईल, हे मला सुचलं नव्हतं.

घरी गेल्यावर मी फ्रिजवरचा फळा नीट पाहिला. चौदा कार्डं होती. ब्रश, अंघोळ, डबा, शाळा, स्पीच, गोळ्यांचा डबा, झोका... त्यात 'आई' दोन ठिकाणी होती, एक बँकेत जाताना आणि एक त्याचा हात धरून. मी एकटी कुठे जाते आहे, असं एकही कार्ड नव्हतं. लग्नाआधी आणि नंतरही मी रविवारी पहाटे गावाजवळचा अजिंक्यतारा किल्ला चढायचे. त्याच्या निदानानंतर एकदाही गेले नव्हते. कोणी अडवलं नव्हतं.

सोमवारी आजी आल्या, अर्ज पूर्ण झाला, भाचाही सोबत होता. पुढचं जिल्हाधिकारी कार्यालयातलं काम त्यांनी दोन-तीन खेपांत केलं.

मी पंधरावं कार्ड काढलं. वर सपाट डोंगर आणि त्यावर टॉवर. मुलाने बघताच ओळखलं, "टॉवर." पहिल्या रविवारी मी दुसऱ्या वळणावरूनच परत फिरले, पाय पुढे जाईनात. घरी तो चाळीस मिनिटं रडत होता. नवऱ्याने त्याला ओट्यावर बसवून पोहे भिजवायला दिले, तेव्हा कुठे थांबला. तिसऱ्या रविवारी मी दरवाज्यापर्यंत गेले. उन्हं नुकतीच आली होती आणि खाली अख्खं सातारा धुक्यात होतं. तिथे बसून मी वडापाव खाल्ला, मला कोणाला काही विचारायचं नव्हतं, कोणाचा घास मोजायचा नव्हता.

अजून ते कार्ड त्याला पूर्ण पटलेलं नाही. शनिवारी रात्री तो ते काढून सगळ्यात शेवटी, झोपेच्या कार्डाखाली लावतो. सकाळी निघताना मी ते परत वर लावते. तो बघतो, काही बोलत नाही.

यंदाची यादी आली आहे. आजींचं नाव दुसऱ्या पानावर आहे. गुरुवारी आल्या तर भोंगा बंद ठेवायचा आणि त्यांना तीनच्या आत मोकळं करायचं, असं मी काउंटरवर सांगून ठेवलंय.