तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या चेहऱ्याला कोणता कट शोभेल?

"ताई माझा चेहरा गोल आहे, मला कोणता कट चांगला दिसेल?" ठाण्यात नौपाड्याला माझं छोटं पार्लर आहे आणि तिथे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. खुर्चीत बसल्यावर विचारतात, व्हॉट्सअ‍ॅपवर सेल्फी पाठवून विचारतात, गावदेवी मंडईत भाजी घेताना भेटल्या तरी विचारतात. घाईघाईत अर्धवट उत्तर दिलं जातं म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

आधी त्या सेल्फीचं बोलू. त्यावरून आकार ठरवू नका प्लीज. फोन तोंडाजवळ असला की नाक मोठं दिसतं, कान मागे जातात, चेहरा आहे त्यापेक्षा अरुंद वाटतो. त्यापेक्षा केस मागे बांधा, आरशासमोर उभ्या राहा आणि शिवणाची टेप घेऊन कपाळ, गालाची हाडं, जबडा अशी रुंदी मोजा आणि केस सुरू होतात तिथपासून हनुवटीपर्यंतची लांबी मोजा. लांबी-रुंदी जवळपास सारखी आणि जबडा गोलसर तर चेहरा गोल, सारखीच पण जबड्याला कोपरे तर चौकोनी, लांबी बरीच जास्त तर लांबट, वर कपाळ रुंद आणि खाली हनुवटी निमुळती तर पत्त्यातला बदाम. बहुतेकींचा चेहरा यातल्या दोघांच्या मधे कुठेतरी असतो, त्याचं टेन्शन घेऊ नका.

कारण माझ्या मते महत्त्वाचं वेगळंच आहे. बघणाऱ्याची नजर केस जिथे संपतात किंवा जिथे फुगतात तिथे जाऊन थांबते, त्यामुळे चेहऱ्याचा कुठला भाग दाखवायचा आहे ते आधी ठरवा, मग केस तिथे संपवा. गोल चेहऱ्यावर हनुवटीच्या लेव्हलला सरळ कापलेला बॉब गालापाशी आडवी रेघ मारतो आणि गाल आणखी भरलेले वाटतात. तोच बॉब दोन-तीन बोटं खाली नेला, पुढून थोडा लांब मागून आखूड ठेवला, भांग मधून न पाडता जरा बाजूला पाडला आणि टाळूवर थोडी उंची दिली की चेहरा उभा दिसायला लागतो. लांबट चेहऱ्याला नेमकं उलटं, कमरेपर्यंत स्ट्रेटनिंग आणि मधोमध भांग म्हणजे चेहरा अजून खाली ओढला जातो, तिथे खांद्यापर्यंतची लांबी आणि गालाच्या बाजूला लेयर्सची भर हवी. चौकोनी चेहऱ्याला कट जबड्यावर न संपवता थोडा खाली, टोकं मऊ ठेवून. पण खरं सांगू का, चौकोनी जबडा मला स्वतःला फार देखणा वाटतो, तो लपवायचाय म्हणून येणाऱ्या मुलींना मी आधी केस मागे धरून आरशात बघायला लावते, आणि मग विचारते की नक्की लपवायचाय का?

इंटरनेटवर एक पेन्सिल-पट्टीचा नियमही फिरतो, जॉन फ्रीडा या ब्रिटिश हेअरड्रेसरच्या नावाने. हनुवटीखाली पेन्सिल आडवी धरायची, कानाच्या पाळीखाली पट्टी उभी धरायची, दोन्ही भेटतात तिथपर्यंतचं अंतर सव्वादोन इंचांपेक्षा कमी असेल तर आखूड केस शोभतात, जास्त असेल तर लांब. करून बघा, जबड्याचा उतार बाजूने कसा आहे ते त्यात कळतं आणि समोरून घेतलेल्या मापात ते कळत नाही. पण केस दाट आहेत की विरळ, सरळ आहेत की कुरळे याबद्दल ती पट्टी काहीच बोलत नाही, आणि माझं अर्धं काम तर तिथेच असतं.

फ्रिंजचंच, म्हणजे कपाळावर आणलेल्या आखूड केसांचंच घ्या ना. १९६० साली 'लव्ह इन शिमला' हा सिनेमा आला, त्यात नायिका साधनाचं रुंद कपाळ झाकायला पुढचे केस कापून कपाळावर आणले होते आणि साधना कट घराघरात पोचला. रुंद कपाळाला आजही तो उपाय चालतो. पण आपल्याकडे खाडीची दमट हवा आहे, मे महिन्यात कपाळावर घाम असतो आणि भरगच्च सरळ फ्रिंज दहा मिनिटांत चिकटते. शिवाय केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात म्हणजे दीड-दोन महिन्यांत ती डोळ्यात यायला लागते. म्हणून ठाण्यात मी बहुतेकींना लांब, विरळ, दोन्ही बाजूंना वळणारी फ्रिंज सुचवते, कंटाळा आला की पिन लावून मागे घेता येते.

तसंच ब्लो ड्रायवर अवलंबून असलेला कट मी शक्यतो देत नाही. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात, त्यातले हायड्रोजन बॉण्ड, म्हणजे केसाला आकारात धरणारे नाजूक बंध, ओलाव्याने सुटतात आणि वाळताना परत जुळतात, त्यामुळे सकाळी मेहनतीने सरळ केलेले वेव्ही केस जुलैमध्ये ठाणे स्टेशनचा ब्रिज चढून ऐरोलीची ट्रेन पकडेपर्यंत आपल्या मूळ वळणावर जातात. कुरळ्या केसांच्या मुलींनी तर हे लक्षात ठेवाच, ओले असताना केस लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात, म्हणून ओल्या केसांवर खांद्यापर्यंत मापलेली लांबी वाळल्यावर हनुवटीशी येऊ शकते. कुरळे केस मी कोरडेच कापते, बट बघून. कुणी सरसकट ओले करून कापत असेल तर थांबवा आणि विचारा.

लग्नसराईत आणि पाडव्याच्या शोभायात्रेच्या आधी अजून एक प्रश्न येतो, नऊवारीवर खोपा की अंबाडा? तिथेही तेच तत्त्व. गोल चेहऱ्याला अंबाडा जरा वर बांधा आणि गजरा त्याच्याभोवती उंच माळा, लांबट चेहऱ्याला अंबाडा मानेवर घ्या आणि गजरा असा माळा की समोरून कानामागे दोन्हीकडे दिसेल. कानाजवळ एक-दोन बटा सोडल्या तर जबड्याचे कोपरेही मऊ होतात. नथ, चंद्रकोर, ठुशी एवढं सगळं पुढे असताना कपाळावर फुगा काढायची गरज मला तरी वाटत नाही.

पण ते केस ओढून घट्ट बांधणं एका दिवसापुरतंच ठेवा. रोज घट्ट वेणी किंवा पोनी बांधून कानशिलावरचे केस विरळ झालेल्या कितीतरी काकू माझ्याकडे येतात, वय झालं असं समजून गप्प बसलेल्या असतात. मुळांवर सतत ताण राहिला तर तिथले केस गळतात, लवकर सैल केलं तर बऱ्याचदा परत येतात, उशीर झाला तर येत नाहीत. अशा वेळी मी पार्लरच्या आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवते, आणि मग कट देते तो भांग बदलून आणि कानशिलावर हलके लेयर्स आणून.

तर पुढच्या वेळी याल तेव्हा आदल्या दिवशी धुतलेले, नेहमीसारखे विंचरलेले केस घेऊन या, सेट करून येऊ नका. चष्मा लावत असाल तर तो आणा, कारण फ्रेमची वरची कड आणि फ्रिंज एकमेकींवर आल्या तर डोळे हरवतात. आणि हिरोईनचा फोटो आणलात तर सोबत तुमचा स्वतःचा एक फोटो आणा, ज्यात तुम्ही स्वतःला आवडला होतात तो. मला त्यातून जास्त कळतं.