तुम्ही विचारलंत म्हणून: बॅक्टेरिया ऊन फेकून का देतात?

मी सायनोबॅक्टेरियावर, म्हणजे झाडांसारखं उन्हावर अन्न बनवणाऱ्या जिवाणूंवर, काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे सोलर पॅनलच ना ते, मग एफिशियन्सी किती?" इथे माझी जरा पंचाईत होते, कारण मी बघते ते नेमकं उलटं, हाती आलेली ऊर्जा हे जीव मुद्दाम कशी घालवतात ते.

प्रकाश पकडण्यात ते तरबेजच आहेत. फायकोबिलिसोम नावाचा प्रोटीनचा भलामोठा अँटेना असतो, क्लोरोफिलला जो प्रकाश नीट शोषता येत नाही तो हा शोषतो आणि ऊर्जा रिअॅक्शन सेंटरकडे, म्हणजे जिथे तिच्यावर पुढची केमिस्ट्री सुरू होते तिकडे, पोचवतो, सगळं पिकोसेकंदांच्या (सेकंदाचा लाख-कोटीवा भाग) हिशोबात. पण पुढची केमिस्ट्री चालते मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत! म्हणजे ऊन वाढलं की फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, येतच राहतात आणि पुढे सगळं तुंबतं, आणि त्या अडकलेल्या ऊर्जेतून सिंग्लेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं एक आक्रमक रूप, तयार होतो, तो मग आसपासच्या प्रोटीनची पार वाट लावतो.

यावर बऱ्याच सायनोबॅक्टेरियांकडे उपाय आहे, ऑरेंज कॅरोटिनॉइड प्रोटीन, आम्ही ओसीपी म्हणतो. बर्फावर ठेवलेल्या ट्यूबवर निळा एलईडी मारला की नारंगी द्रावण डोळ्यांदेखत लाल होतं, अंधारात ठेवा, हळूहळू परत नारंगी. कितीही वेळा बघितलं तरी मजा येते. आत काय होतं, तर प्रोटीनच्या दोन भागांच्या मधे बसलेला कॅरोटिनॉइडचा (गाजराला रंग देणाऱ्या रंगद्रव्यांच्या कुळातला) एकच रेणू १२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) सरकतो, दोन्ही भाग सुटे होतात, आणि हे लाल ओसीपी अँटेनाला चिकटून ऊर्जा उष्णता म्हणून सोडून देतं.

आता यातली खरी गंमत, हा स्विच स्वतः अगदी सुस्त आहे. त्याच्यावर पडलेले बहुतेक फोटॉन वायाच जातात, फार थोड्यांनी तो लाल होतो. माझ्या मते म्हणूनच तो कामाचा, नाहीतर साध्या उजेडातही चालू होऊन पेशी उपाशी राहिली असती.

आणि ऊन उतरल्यावर? चिकटलेलं ओसीपी सोडवायला एफआरपी नावाचं वेगळं प्रोटीन आहे. हे सोडवणं किरकोळ समजू नका. झाडांमध्ये ओसीपी नसतं, पण जास्तीची ऊर्जा उष्णता करून सोडायची त्यांची स्वतःची पद्धत आहे आणि सावली आली तरी ती लगेच थांबत नाही. २०१६ मध्ये तंबाखूच्या झाडांत जीन्स बदलून हे थांबणं फक्त लवकर घडवलं, तर शेतात झाडांचं वाळलेलं वजन सुमारे १५ टक्के जास्त भरलं.