लॅव्हनमची वाकडी घरं बघायला जाताना

लंडनच्या ईशान्येला साधारण ११० किलोमीटरवर, सफक परगण्यात लॅव्हनम नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम १,७००, पण कायद्याने जतन केलेल्या इमारती ३०० हून जास्त. हाय स्ट्रीटवरच्या तिरक्या झालेल्या घरासमोर फोटो, मग चहा-स्कोन आणि परत, एवढ्यावर बरेच जण हे गाव उरकतात. तसं करू नका. निदान चार तास हाताशी ठेवा आणि लाकूड बघायला जा. ही घरं कशी उभी केली हे थोडं जरी ठाऊक असलं, तरी गल्लीतली प्रत्येक भिंत काहीतरी सांगते.

आधी हे गाव टिकलं कसं ते बघू. १२५७ साली लॅव्हनमला बाजार भरवायची सनद मिळाली. पुढे गाव लोकरीच्या जाड, निळ्या कापडासाठी नावाजलं आणि १५२४ च्या करवसुलीत इंग्लंडमधल्या श्रीमंत गावांत चौदावं ठरलं, यॉर्क आणि लिंकनच्याही वर. पण दुसऱ्याच वर्षी राजाने फ्रान्सच्या लढाईसाठी आणखी पैसा मागितला. कापडवाल्यांनी विणकरांचं काम थांबवलं आणि बेकार झालेले हजारो लोक लॅव्हनमला जमले. राजाला ती मागणी सोडावी लागली, मात्र धंद्याची उतरण थांबली नाही. नेदरलंड्सकडून आलेले निर्वासित जवळच्या कोल्चेस्टरमध्ये हलकं, स्वस्त कापड विणू लागले आणि लॅव्हनमच्या जाड कापडाला गिऱ्हाईक उरलं नाही.

अठराव्या शतकात इंग्लंडभर लोकांनी लाकडी घरं पाडून विटांची बांधली. लॅव्हनमच्या बहुतेक घरमालकांकडे तेवढा पैसाच नव्हता. ज्यांच्याकडे थोडाफार होता त्यांनी दर्शनी भिंतीला गिलावा करून चौकोनी खिडक्या बसवल्या, मागचा सांगाडा तसाच राहिला. त्यामुळे साधं, सपाट दिसणारं घर सोडून पुढे जाऊ नका. छप्पर फार उभं असेल किंवा वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला असेल, तर त्या गिलाव्याआड पंधराव्या शतकातलं लाकूड असण्याची शक्यता मोठी.

सुरुवात गावाच्या दक्षिण टोकाला, टेकाडावरच्या सेंट पीटर आणि सेंट पॉल चर्चपासून करावी. वाहनतळ समोरच आहे आणि तिथून गावात जाणारा रस्ता उताराचा आहे. चर्चचा बुरूज १४१ फुटांचा, तासलेल्या चकमकीच्या दगडांचा. त्याचा खर्च मुख्यतः दोघांनी उचलला: ऑक्सफर्डचा तेरावा अर्ल, म्हणजे उमराव, जॉन डी व्हिअर आणि १५२३ साली वारलेला कापडव्यापारी थॉमस स्प्रिंग. बुरुजाच्या पायथ्याशी डी व्हिअर घराण्याचा तारा आणि स्प्रिंगची व्यापारी खूण, म्हणजे गाठोड्यांवर मारतात तसला शिक्का, शेजारी शेजारी कोरलेले आहेत. आता मान वर करून माथ्याकडे बघा. तिथे स्प्रिंग घराण्याचं कुलचिन्ह आहे. पायापासून माथ्यापर्यंत जाता जाता व्यापाऱ्याचं घराणं सरदारांच्या रांगेत येऊन बसलं. छोटी दुर्बीण असेल तर ती इथे बाहेर काढावी.

चर्च स्ट्रीटने खाली आलात की स्वान हॉटेलच्या कोपऱ्यावर उजवीकडे वॉटर स्ट्रीट लागते. नाव उगाच पडलेलं नाही. या घरांखालून ओढा वाहतो आणि १५०० च्या सुमारास त्याला विटांच्या कमानदार नाल्यात बंदिस्त केलं होतं, कारण कापडाच्या धंद्याला पाणी लागतंच. एका घरासमोर चित्रपटातलं घर म्हणून गर्दी दिसेल. फोटो काढा, पण दरवाजाच्या पायरीवर बसू नका. गावातली बहुतेक घरं राहती आहेत आणि खिडक्या थेट रस्त्याला लागून आहेत.

निळ्या रंगाची कृतीही समजून घेण्यासारखी आहे. वोड नावाच्या झाडाची पानं चिरडून त्यांचे गोळे करत, ते वाळवत, मग पाणी मारून आठवडेच्या आठवडे आंबवत. त्याचा वास इतका घाण की वस्तीजवळ हे काम नको म्हणून लोक भांडत. ही भुकटी कोमट पाण्यात कोंडा आणि राखेच्या क्षारासोबत पुन्हा आंबवली की रंगाचा हौद तयार. हौदातून बाहेर काढलेली लोकर हिरवट पिवळी असते. हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होते. हौद जास्त गरम झाला तर आंबणं मरतं आणि रंग धरत नाही, थंड पडला तरी तेच. वोडमधलं रंगद्रव्य आणि आपल्या निळीतलं रंगद्रव्य एकच, फक्त निळीच्या झाडात ते कितीतरी जास्त. हिंदुस्थानातून जहाजं भरभरून नीळ युरोपात जाऊ लागली तेव्हा वोडचा टिकाव लागला नाही.

वॉटर स्ट्रीटवरून लेडी स्ट्रीट चढून बाजारचौकात जायचं. वाटेत कमानीच्या खिडक्यांचं जुनं दुकान आहे. मूळच्या अशा खिडक्यांना काच नसे. फळी खाली पाडली की तोच विक्रीचा ओटा, रात्री वर उचलली की दार बंद.

चौकात गिल्डहॉल आहे, १५३० च्या सुमाराला कॉर्पस ख्रिस्ती या धार्मिक मंडळीने बांधलेला. मंडळीला तो फार काळ लाभला नाही, कारण १५४७ मध्ये अशा मंडळ्याच बरखास्त झाल्या. नंतर त्याचा तुरुंग झाला, अनाथ-गरिबांना राबवून घेणारं घर झालं, लोकरीचं कोठार झालं. आता तो जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. आत जाण्याआधी बाहेर दहा मिनिटं थांबा. लाकडाची बांधणी समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा गावात नाही.

उभे खांब किती जवळजवळ आहेत ते बघा. भिंत उभी राहायला एवढ्या लाकडाची गरज नसते. लाकूड महाग होतं, म्हणून ते जितकं जास्त तितकी ऐपत मोठी. गरिबाच्या घरात हेच खांब दूर दूर असतात. ओक तोडल्यावर ओला असतानाच वापरत, कारण वाळलेला ओक तासताना हत्यार बोथट होतं. एका लाकडाचं कुसू, म्हणजे टोकाला तासून काढलेली जीभ, दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार ओकची खुंटी ठोकायची. यातली खरी कारागिरी भोकांत आहे: कुसवातलं भोक आणि खाचेतलं भोक मुद्दाम किंचित हुकवलेलं असतं, म्हणजे खुंटी आत जाताना सांधा आवळत नेते. खिळा नाही, सरस नाही. लाकूड वाळून आकसतं तसा सांधा आणखी घट्ट होतो, पण लाकूड पीळही खातं, आणि त्यातून घर तिरकं होतं. त्यात पुढच्या मालकाने खिडकीसाठी तिरपा आधार कापला किंवा खालची तुळई ओलीने कुजली, की एक बाजू खचते. तरी घर पडत नाही, कारण खुंटीचा सांधा थोडा हलू शकतो.

सांध्याजवळ, डोळ्याच्या उंचीवर, छिन्नीने पाडलेल्या रेघा शोधा. ते रोमन आकडे आहेत. सुतार आख्खी भिंत आधी जमिनीवर आडवी जुळवत, आकडे टाकत, सुटी करत आणि गाडीवर घालून जागेवर आणत. म्हणूनच अशी इमारत पुन्हा उकलताही येते. १९११ च्या सुमारास इथला वूल हॉल खरोखरच उकलून अ‍ॅस्कटला नेला होता. गावकऱ्यांनी ओरड केली, तो परत आला आणि जागच्या जागी उभा राहिला. आज तो स्वान हॉटेलचा भाग आहे.

खांबांमधली भिंत मराठी माणसाला समजावून सांगायला नको. ती कुडाची भिंत आहे. आपल्याकडे कारवी, तिथे हेझलच्या काठ्या. वर माती, चिरलेलं गवत आणि शेण यांचा लेप, शेवटी चुन्याची सफेदी. काळे खांब आणि पांढरी भिंत ही जोडी बरीच नंतरची, एकोणिसाव्या शतकात रुळलेली आवड. लॅव्हनममध्ये ओक बहुतेक ठिकाणी उघडा, रुपेरी राखाडी दिसतो, किंवा लाकडावरूनही चुना फिरवलेला असतो. तेच बरोबर आहे. गुलाबी घरं दिसतात तो चुन्यात रंगीत माती मिसळण्याचा सफकचा जुना प्रघात.

या घरांचा सर्वांत मोठा शत्रू सिमेंट. विसाव्या शतकात भेगा बुजवायला कित्येक घरांवर सिमेंटचा गिलावा झाला. चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट अडवतं. लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही, म्हणून त्याच्या कडेला केसाएवढी फट पडते. पावसाचं पाणी त्या फटीतून आत शिरतं आणि तिथेच मुरतं. वरून भिंत ठणठणीत दिसते, आत तळाची तुळई भुसा झालेली असते. त्यामुळे कुठे परांची बांधून चुन्याचं काम चाललेलं दिसलं तर हिरमुसू नका. उलट थांबा, कारण उघडी कुडाची भिंत एरवी बघायला मिळत नाही. पुण्या-वाईच्या वाड्यांवर सिमेंट थापणाऱ्यांनी तर हे जवळून बघावंच.

त्याच चौकात लिटल हॉल आहे, मूळचा चौदाव्या शतकातला. मधल्या दालनात तेव्हा माळा नव्हता. चूल जमिनीवर मधोमध आणि धूर छपरातून बाहेर. वरच्या मजल्यावर गेलात तर छपराचा सांगाडा हाताच्या अंतरावर येतो. उंच माणसांनी इथे प्रत्येक दारात वाकायचं. परतीला प्रेन्टिस स्ट्रीटच्या तोंडाशी उभं राहून खाली शेतांकडे नजर टाका. या गल्ल्यांत खांब-तारा दिसत नाहीत, कारण १९६७ मध्ये त्या जमिनीखाली घातल्या गेल्या.

आता जाण्यायेण्याचं. गावात रेल्वे नाही. प्रवासी गाड्या १९६१ मध्ये बंद झाल्या. लंडन लिव्हरपूल स्ट्रीटहून मार्क्स टे, तिथे गाडी बदलून सडबरी, आणि पुढे ७५३ नंबरची बस. केंब्रिजकडून येत असाल तर बरी सेंट एडमंड्सला उतरून तीच बस उलट्या दिशेने. लोकांची फसगत दोन ठिकाणी होते. एक म्हणजे रविवार: बसच्या भरवशावर रविवारी येऊ नका. दुसरी म्हणजे संध्याकाळ: शेवटची बस लवकर सुटते, म्हणून परतीची वेळ आल्या आल्या थांब्यावरून टिपून घ्या. गिल्डहॉल आणि लिटल हॉल हिवाळ्यात कमी दिवस उघडे असतात किंवा बंदच असतात, तेव्हा एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ धरावा आणि निघण्यापूर्वी दोन्हींच्या वेळा बघाव्यात.

दुपारचं जेवण वेळेत उरका, कारण अडीचच्या सुमारास बऱ्याच स्वयंपाकघरांची झाकपाक होते. शाकाहाऱ्यांना सूप, चीज स्कोन, भाजलेला बटाटा सहज मिळतो. आईवडील सोबत असतील आणि गुडघे कुरकुरत असतील तर लेडी स्ट्रीटचा चढ टाळून स्वान हॉटेलपासून हाय स्ट्रीट आणि मार्केट लेनने चौकात जा. चढ तिथेही आहे, पण बेताचा. गाडी असेल आणि दोन तास उरले असतील, तर आग्नेयेला कर्झी गावापर्यंत जा. तिथे गावाच्या मुख्य रस्त्यावरूनच ओढा वाहतो आणि गाड्या त्यातून जातात. पावसानंतर मात्र आधी उतरून पाणी किती आहे ते बघा, मगच गाडी घाला.