वकील दिला की व्हिसाची फाईल पळते का?

कोल्हापुरात ज्या घरातलं एक तरी माणूस अमेरिकेत आहे, त्या घरात कधी ना कधी हा विषय निघतोच. पोरगा तिकडून फोनवर सांगतो, "आई-बाबा, तुमचे पेपर घालतोय," आणि इकडून पहिला सवाल जातो, "चांगला वकील दिलायस ना? लवकर होईल." आपल्याकडे सरकारी कामात आतला माणूस फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवतो, हा अनुभव. इमिग्रेशन वकील म्हणजे तिथला तसलाच कुणीतरी, असं मनात बसलेलं असतं.

तसं काही नाही. वकिलामुळे रांग हलत नाही. वकिलाचा उपयोग होतो, कधीकधी फार मोठा होतो, पण तो वेगळ्या जागी.

आधी रांग समजून घ्या. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आय-130 हा अर्ज भरायचा, तिथून सुरुवात. अर्जदार नागरिक असेल आणि अर्ज नवरा-बायको, 21 वर्षांखालचं अविवाहित मूल किंवा आई-वडील यांच्यासाठी असेल, तर वार्षिक संख्येची मर्यादा नाही. फक्त कागद तपासायला लागेल तो वेळ. (आई-वडिलांसाठी अर्ज करणारा मुलगा वा मुलगी 21 वर्षांची पाहिजे.) बाकीच्या नात्यांना कोटा आहे. कुटुंबाच्या कोट्यातले वर्षाला साधारण 2,26,000 व्हिसा, त्यातले भावंडांना 65,000, ते साऱ्या जगात वाटायचे आणि एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा. म्हणून भारतातल्या भावा-बहिणींची, म्हणजे एफ-4 गटाची तारीख 2025 च्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे कुणाचा नंबर लागला हे सांगणाऱ्या सरकारी पत्रकातसुद्धा, 2006 सालातच रेंगाळत होती; 2006 मध्ये अर्ज भरलेल्यांचाच नंबर तेव्हा येत होता. हा कोटा अमेरिकी संसदेने कायद्यात घातलेला आहे. न्यूयॉर्कचा सगळ्यात महागडा वकीलही त्यात एक दिवस पुढे घेऊ शकत नाही.

"जादा पैसे भरून लवकर होतं म्हणे?" होतं, पण ते नोकरीच्या काही अर्जांना. आय-130 ला प्रीमियम प्रोसेसिंगची सोयच नाही. एप्रिल 2024 पासून ऑनलाइन भरला तर 625 डॉलर आणि कागदावर भरला तर 675, एवढीच फी. गंभीर आजारपण किंवा तसलंच मोठं कारण असेल तर अर्ज आधी घ्या अशी विनंती करता येते, पण ती अर्जदार स्वतः करू शकतो. त्यासाठी हॉस्पिटलच्या लेटरहेडवर निदान, तारीख आणि उपचार स्पष्ट लिहिलेलं पत्र लागतं. पत्र मोघम असेल तर वकिलाने पाठवूनही उपयोग नाही. वकील नेमला की तो जी-28 नावाचा फॉर्म जोडतो. त्याचा अर्थ इतकाच की पत्रव्यवहार त्याच्याकडेही जाईल. वकिलांच्या अर्जांची वेगळी, वेगवान पेटी कुठे ठेवलेली नाही.

मग महिने जातात कुठे? बरेचसे महापालिकेत, शाळेत आणि ग्रामपंचायतीत. अमेरिकी कार्यालयाला एखादा पुरावा अपुरा वाटला की ते लेखी मागणी पाठवतात, उत्तराला जास्तीत जास्त 84 दिवस देतात, आणि उत्तर पोचेपर्यंत फाईल बाजूला पडते. जन्माचा एक दाखला नीट नसला तर तीन-चार महिने असेच जातात. आणि तो दाखला आणायला वकील कोल्हापूरला येत नाही.

एक उदाहरण अगदी जवळून बघा. साठ-सत्तर वर्षांपूर्वी खेड्यात जन्मलेल्या कितीतरी माणसांची जन्मतारीख 1 जून असते. खरी तारीख कुणालाच ठाऊक नव्हती, पहिलीत नाव घालताना गुरुजींनी 1 जून टाकली, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तीच आली, पुढे पासपोर्टवरही तीच. आता न्यू जर्सीतला मुलगा फॉर्म भरतो. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. वडिलांची तारीख 06/01/1958 लिहायची, तो सवयीने 01/06/1958 लिहितो. झाले बाबा 6 जानेवारीचे! पासपोर्ट एक सांगतो, अर्ज दुसरंच. त्यात ग्रामपंचायतीत खरी नोंद सापडली आणि ती निघाली 14 ऑगस्टची, तर तिसरी तारीख. अशा वेळी नोंद लपवायची नाही. पासपोर्टची तारीख कुठून आली आणि जन्मनोंदीत वेगळी का आहे, याचं प्रतिज्ञापत्र करायचं आणि दोन्ही कागद बरोबर लावायचे. तफावत आपण सांगितली तर तो खुलासा ठरतो. त्यांना सापडली तर संशय.

जन्मनोंदच नसेल, आणि 1970 पूर्वीच्या जन्मांना ती पुष्कळदा नसते, तर महापालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून "नोंद आढळून येत नाही" असा दाखला घ्या. त्याच्या जोडीला शाळेचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र. काही जण याऐवजी आजच्या तारखेला उशिराची जन्मनोंद करून नवाकोरा दाखला आणतात. 1955 च्या जन्माची नोंद गेल्या महिन्यातली दिसली की अधिकारी जुना पुरावा मागणारच. म्हणजे शाळेचा दाखला शेवटी लागतोच, मग आधीच लावा.

नावांची भानगड तर विचारू नका. माहेरची विजया सासरी जाऊन सुनंदा होते, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं. तिन्ही शब्द वेगळे! अमेरिकी अधिकाऱ्याला ती दोन बायका वाटल्या तर त्याचा काय दोष? लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही नावं असतील तर उत्तम. नसतील तर राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. आडनावांचं स्पेलिंगही बघा. चौगुले एका कागदावर ओ-यू ने, दुसऱ्यावर ए-यू ने. घाटगेमध्ये मधला ए कुठे आहे, कुठे नाही. वेगळं स्पेलिंग फॉर्ममधल्या "इतर वापरलेली नावं" या रकान्यात लिहून टाका. तो रकाना त्यासाठीच आहे, आणि बहुतेक जण तो कोरा सोडतात.

लग्नाचा दाखला महापालिका हद्दीत महापालिकेकडून, गावात ग्रामसेवकाकडून. लग्न मे महिन्यात आणि नोंदणी डिसेंबरात असेल तर फॉर्मवर लग्नाची तारीख मेची, नोंदणीची नाही. पत्रिका, फोटो आणि दाखला यांच्यावर तारीख-ठिकाण एकच आहे का, पडताळा. नवरा लग्नानंतर पंधरा दिवसांत परत गेला असेल तर फक्त अल्बमवर भागत नाही. नंतरच्या भेटींची तिकिटं, पैसे पाठवल्याच्या नोंदी, कॉलचा इतिहास, विम्यात किंवा बँकेत बायकोचं नाव, असं लग्नानंतरचं काहीतरी लावावं लागतं.

मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर हवं. ते सरकारी भाषांतरकाराचंच हवं किंवा नोटरीचा शिक्का हवा, असा नियम नाही. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाने भाषांतर पूर्ण आणि अचूक असल्याचं लिहून सही, नाव, पत्ता, तारीख दिली की पुरतं. आणि या टप्प्यावर मूळ कागद पाठवू नका, झेरॉक्स चालते.

एवढं सगळं साधं आणि स्वच्छ असेल तर वकिलाला काही हजार डॉलर कशाला द्यायचे, हा प्रश्न रास्त आहे. नागरिक मुलगा, कागद जुळणारे आई-वडील, आधी कधी नकार नाही: हे काम शांतपणे बसून घरी होतं. फक्त लक्षात ठेवा, आईचा अर्ज वेगळा, वडिलांचा वेगळा, फी दोनदा.

पण काही ठिकाणी वकील नसणं महागात पडतं, आणि तिथे वेगाचा संबंधच नसतो.

मुलांचं वय हे त्यातलं सगळ्यात फसवं. समजा बहिणीने कोल्हापुरातल्या भावासाठी अर्ज केला. भावाबरोबर त्याची बायको आणि 21 वर्षांखालची अविवाहित मुलं जाऊ शकतात. नंबर लागेपर्यंत भाचा साडेचोवीस वर्षांचा झाला. आता कायदा त्याच्या वयातून आय-130 मंजुरीविना पडून होता तेवढा काळ वजा करू देतो. अर्ज चार वर्षांनी मंजूर झाला असेल तर वय साडेवीस धरलं जातं आणि भाचा बसतो. सहा महिन्यांत मंजूर झाला असेल तर वय चोवीस, भाचा बाहेर. म्हणजे "आमची फाईल किती लवकर मंजूर झाली" म्हणून पेढे वाटले, ती मंजुरीच इथे आडवी येते. शिवाय नंबर लागल्यापासून एका वर्षाच्या आत पुढचं पाऊल टाकावं लागतं. हा हिशोब वकिलाकडूनच तपासून घ्या.

दुसरं लग्नाच्या मुहूर्ताचं. आई किंवा वडील ग्रीन कार्डवर आहेत, नागरिक नाहीत, आणि त्यांनी 21 वरच्या अविवाहित मुलासाठी अर्ज केलाय. घरात स्थळ आलं, चांगलं आहे म्हणून उरकून टाकलं. अर्ज त्याच दिवशी रद्द. ग्रीन कार्डधारकाच्या विवाहित मुलासाठी गटच नाही. आई-वडील आधी नागरिक झाले असते आणि लग्न नंतर झालं असतं, तर तो अर्ज विवाहित मुलांच्या गटात गेला असता. रांग लांब झाली असती, पण जागा टिकली असती. याच्या उलटही घोटाळा होतो. ग्रीन कार्डवाला नवरा नागरिक झाला की बायकोची रांग संपते, पण तिच्या अर्जावर येणाऱ्या मुलांचा हक्कही संपतो. प्रत्येक मुलाचा वेगळा आय-130 भरावा लागतो.

आधीचा घटस्फोट कोर्टाचा नसून शंभराच्या स्टँपवर नोटरी केलेली फारकत असेल तर थांबा. रूढीने काडीमोड काही समाजांत कायद्याने मान्य आहे, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. इथल्या कोर्टाचा हुकूम घेतलेला बरा. भावाचं मूल दत्तकपत्र करून अमेरिकेला नेता येतं, हा समजही काढून टाका. भारत आणि अमेरिका दोघेही हेग या आंतरराष्ट्रीय दत्तक करारात आहेत, त्यामुळे घरगुती दत्तकविधानावर व्हिसा मिळत नाही. पूर्वी अमेरिकेत मुदत संपल्यावर 180 दिवसांहून जास्त राहून परत आलेल्यावर तीन वर्षांची बंदी येते, वर्ष किंवा जास्त राहिला तर दहा वर्षांची. आधीच्या अर्जात खोटी माहिती दिलेली, बायकोच्या छळाचा (पूर्वीचं कलम 498-अ) खटला चालू असलेला, अशांनीही फॉर्म उघडण्याआधी वकील गाठावा.

वकिलामुळे उशीरही होतो, हे कुणी सांगत नाही. कार्यालयाची नोटीस त्याच्याकडे जाते, तो दहा दिवसांनी उघडतो, तुम्हाला मेल करतो, वेळेच्या फरकात आणखी दोन दिवस. म्हणून ऑनलाइन खात्याचा प्रवेश आणि पावती क्रमांक स्वतःजवळ ठेवा. पूर्ण केस देण्याऐवजी एका तासाचा सल्ला घेऊन भरलेला फॉर्म तपासून घेणं हा मला सगळ्यात शहाणपणाचा खर्च वाटतो. वकील अमेरिकेतल्या कुठल्याही एका राज्याच्या बारचा, म्हणजे वकिलांच्या अधिकृत संघटनेचा, सदस्य असला पाहिजे. नाव त्या बारच्या वेबसाइटवर शोधता येतं. कोल्हापुरातला व्हिसा एजंट हा वकील नव्हे. त्याने फॉर्म भरला तर तयार करणारा म्हणून त्याची सही फॉर्मवर हवी. ती करायला तो का-कू करत असेल तर फाईल उचला आणि घरी या.

ब्रिटन-कॅनडाचंही थोडक्यात. ब्रिटनमध्ये काही व्हिसांना जलद सेवा आहे, पण ती फी सरकारला जाते, वकिलाला नाही. आणि नवरा-बायकोच्या व्हिसाला 11 एप्रिल 2024 पासून लागू झालेली वार्षिक 29,000 पौंड उत्पन्नाची अट वकील बदलू शकत नाही. कॅनडा तर स्वतःच सांगतो, प्रतिनिधी नेमल्याने अर्जाला प्राधान्य मिळत नाही.

अमेरिकेचा अर्ज मंजूर झाला की तो नॅशनल व्हिसा सेंटरकडे येतो. तिथे 325 आणि 120 डॉलरच्या दोन फी, व्हिसाचा डीएस-260 फॉर्म आणि मुलाचं आय-864 हमीपत्र. त्यात उत्पन्न गरिबीरेषेच्या 125 टक्के लागतं. मुलगा, सून आणि येणारे आई-बाबा अशा चौघांसाठी 2025 च्या आकड्यांनी ते 40,187 डॉलर होतं. घरातली माणसं मोजताना चूक होते: मुलाने पूर्वी सासू-सासऱ्यांची हमी घेतलेली असेल आणि ती अजून चालू असेल तर तेही मोजायचे. पोलिस क्लिअरन्ससाठी पुण्याला धावायची गरज नाही, कोल्हापुरातच पासपोर्ट केंद्र आहे.

मुलाखत मुंबईत, बीकेसीला. मेडिकल वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच, इथल्या फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही. मेडिकल आणि बोटांचे ठसे मुलाखतीच्या आधी उरकायचे असतात, त्यामुळे आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघून सकाळी थेट खिडकीवर, हा बेत करू नका; चार-पाच दिवस हातात ठेवा. खिडकीवर व्हिसा मागणाऱ्याशीच बोलतात, वकिलातीत वकील बरोबर नसतो. सगळे मूळ कागद सुटे, क्लिप न लावता, मागतील त्या क्रमाने एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. आणि बाबांना जन्मतारीख विचारली तर पासपोर्टवरचीच सांगायला आधी दोनदा घोकून घ्या. "खरं म्हणजे नागपंचमीच्या आसपासचा जन्म माझा" ही गोष्ट प्रतिज्ञापत्रात आधीच लिहिलेली असू द्या.