बागेतलं जेवण आणि बाजारातच सुरू झालेलं घड्याळ

परवाच्या रविवारी आम्ही सहा जण, चार मोठे आणि दोन मुलं, शहरातल्या बागेत दुपारी जेवायला गेलो. घरून काही रांधून न्यायचं नाही. सकाळी बाजारात जे ताजं दिसेल ते घ्यायचं आणि तिथूनच बाग गाठायची, असा बेत होता. बेत माझा, त्यामुळे चुकाही बहुतेक माझ्याच.

बाजारात आठला पोहोचलो. शिरल्या शिरल्या चीजचं दुकान लागलं. गर्दी नव्हती, म्हणून ताजं मऊ चीज आधीच घेऊन टाकलं. मग भाजी, मग फळं, मग ब्रेडची लांबलचक रांग. त्यात मुलांना भूक लागली. बागेत चादर अंथरली तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि पारा पस्तिशीला टेकला होता. पुडकं उघडलं तर चीज कोमट, कडेने पाणी सुटलेलं. वास बरा होता, पण वासावर विसंबण्यात अर्थ नसतो. पोट बिघडवणारे जंतू वास न येताही वाढलेले असू शकतात. 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते झपाट्याने वाढतात, म्हणून नाशवंत पदार्थ फार तर 2 तास बाहेर ठेवावा आणि हवा 32 अंशांच्या वर गेली तर 1 तासच. हे मला माहीत होतं. माझी गफलत अशी की तो तास मी जेवायला बसल्यापासून मोजत होतो. दुकानदार फ्रिजमधून काढून हातात देतो तेव्हाच घड्याळ सुरू झालेलं असतं. चीज टाकून दिलं. आई त्यावर काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

तेव्हा तुम्ही जाल तर बाजार उलट्या क्रमाने करा. टणक आणि जड ते आधी: कलिंगड, काकड्या, गाजरं. मग टोमॅटो, द्राक्षं, ब्रेड. थंड राहायला हवं ते सगळ्यात शेवटी, पाय बाहेर पडता पडता. यात आणखी एक फायदा आहे. जड सामान आपोआप पिशवीच्या तळाशी जातं. आमचं कलिंगड टोमॅटोंवर बसलं होतं. अर्धे टोमॅटो ब्रेडवर नुसते पसरूनच खावे लागले. चवीला झकास लागले, ते सोडा.

जमलेली गोष्ट म्हणजे बर्फ. सुटा बर्फ न घेता आदल्या रात्री पाण्याच्या तीन बाटल्या गोठवून ठेवल्या होत्या. बाटली काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि बाटली तडकते. नुसतं गार पाणी नेण्यापेक्षा हे कितीतरी सरस, कारण 1 किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढीत 1 किलो पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापतं. बाटल्या थंड पिशवीत सामानाच्या वर ठेवा. गार हवा खाली उतरते. पिशवीत पोकळी राहिली तर तिथे कापड कोंबा. दुपारपर्यंत तेच बर्फगार पाणी प्यायला मिळालं. चीज मात्र त्या पिशवीत नव्हतंच! ती भरली होती म्हणून मी ते भाजीच्या पिशवीत टाकलं होतं.

कापलेलं काही विकत घेऊ नका, हे माझं ठाम मत. कलिंगडाच्या लालभडक फोडींचा मोह मुलांना झाला होता, पण अख्खं कलिंगड उन्हातही निमूट बसतं. सुरी लागल्यावर त्याचे लाड सुरू होतात, ते थंडच ठेवावं लागतं. कापण्याआधी साल धुऊन घ्या, सोलून टाकायची असली तरी. सालीवरची माती आणि जंतू सुरीबरोबर गरात जातात. काकडी, टोमॅटोही बागेतच चिरा आणि मीठ ताटात आल्यावर लावा. आधी लावलं तर मीठ पाणी ओढून काढतं आणि डब्यात काकडी पोहायला लागते. ब्रेड कागदात किंवा कापडात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये त्याची कुरकुरीत कड रबरासारखी होते. लहान मुलं असतील तर द्राक्षं उभी चिरून द्या. गोल द्राक्ष घशात अडकतं. आमची धाकटी चार वर्षांची आहे, तिची द्राक्षं चिरायला घेतली आणि तेव्हा कळलं की सुरीच आणलेली नाही.

शेजारच्या झाडाखाली एक मोठं कुटुंब बसलं होतं. त्यांच्याकडून सुरी मागून आणली आणि परत करताना अर्धं कलिंगड देऊन आलो. सहा जणांत ते संपलंही नसतं, त्यामुळे सौदा वाईट नव्हता.

जागेबद्दल एक. आम्ही साडेअकराला झाडाच्या पश्चिमेला दाट सावली पाहून बसलो आणि तासाभरात उन्हात आलो. सूर्य पश्चिमेकडे सरकतो तशी सावली पूर्वेकडे जाते. जेवून लोळायचाही विचार असेल तर बुंध्याच्या पूर्वेला चादर टाका. सुरुवातीला थोडं ऊन लागेल, मग दुपारभर उठायला नको. दोनदा चादर उचलली, दोनदा मुंग्या झटकल्या. गोड सरबताचे पेले झाकून ठेवा, नाहीतर गांधीलमाशा येतात. एक आलीच, पण मेहुण्यांनी ओरडण्यापलीकडे काही झालं नाही.

हात धुवायला पाण्याची वेगळी बाटली न्या. बागेतला नळ लांब होता आणि कलिंगडाने कोपरापर्यंत चिकट झालेली दोन मुलं तिथवर चालवत नेणं हा एक स्वतंत्र प्रवास झाला. कचऱ्यासाठी जाड पिशवी हवी. साली ओल्या आणि बऱ्याच जड असतात. आमची पातळ पिशवी फाटकापाशी फाटली.

घरी आल्यावर आईने एक सुरी पुठ्ठ्यात गुंडाळली आणि थंड पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली. मी भाजी चिरायला ती काढायला गेलो, तर म्हणाली, "ती तिथेच राहू दे."