वाघाच्या डोक्यातलं अस्तर

'ट्रिकसीनयुक्त', म्हणजे स्टेजवर जनावरं नि चमत्कार दाखवणारं, असं म्हटल्याशिवाय आता दशावतारी नाटकाची जाहिरात होत नाही. त्यामुळे कुडाळात एरवी सोफ्यांच्या गाद्या भरणारा मी, जत्रांचा हंगाम आला की हत्ती, डुक्कर नि वाघांची डोकी करतो.

यंदा वाघ होता. फोम ३२ डेन्सिटीचा, म्हणजे घनमीटरला ३२ किलो. त्याहून हलका घेतला तर जबडा लोंबतो. लांब पात्याच्या कटरनं एका ओढीत कापायचा, नाहीतर कडा दातेरी होऊन सांधा दिसतो. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं होईतो थांबायचं. लोकांना तेवढा दम नसतो, मग डोकी उकलतात. फर उलटी टाकून फक्त पाठच्या कापडावर ब्लेड फिरवायचं. कात्री घातली की वाघाला खरूज झालेली दिसते.

हे सगळं दिसणारं काम. माझा जीव आतल्या कामात. हा फोम घाम पितो आणि मग वाळता वाळत नाही. म्हणून आत सुती अस्तर, वेलक्रोवर, काढून धुता येईल असं. कपाळाला नि टाळूला पट्ट्या, म्हणजे भार नाकावर येत नाही नि मधून वारा खेळतो. बघायला वाघाच्या तोंडात काळी जाळी. अस्तराचे जोड दोन हवेत, कारण नाटक कंपनी रोज नव्या गावात. रात्रीचं ओलं अस्तर सकाळी तसंच टेम्पोत कोंबतात. मालकांनी बिलातून नेमका दुसरा जोड उडवला. "आतलां कोण बघता?" डोळ्यांना रेडियम मात्र हवं होतं.

माप बघायला आलेला, वाघ होणारा पोरगा म्हणाला, "काकानू, माका पखवाज आयकाक येणा नाय." कानामागे भोकं पाडतो म्हटलं, तर मालक म्हणाले, फोकसात दिसतील. दशावताराला लिहिलेले संवाद नसतात, समोरचा बोलेल त्यावर बोलायचं नि हलायचं. ज्याला ऐकूच येत नाही त्यानं काय करायचं?

जत्रेला मी स्वतः गेलो. राजानं बाण सोडला, वाघ पडला. राजा विजयाचं भाषण करत फिरू लागला. त्याच्या पायांनी फळ्या हादरल्या, तो पोराला पखवाजाचा इशारा वाटला असावा. मेलेला वाघ उठला नि राजाच्या अंगावर! राजा शुद्ध मराठी विसरला: "मेल्या, आणखी कितके बाण होये तुका?"

अख्खी जत्रा लोळली. मीही हसलो.

रंगपटात डोकं उतरवलं तेव्हा पोराचं तोंड लालबुंद, धाप थांबेना. अस्तर पिळलं तर धार लागली. तेवढ्यात मालक खुशीत आत आले. "उद्यापास्नां वाघ दोनदा मरतलो!" म्हणजे पोरगा आत आणखी तितकाच वेळ शिजणार. त्याच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. टाळ्या ऐकल्या की मालक मंडळींना दुसरं काही दिसत नाही.

आता जबड्याची तार सुटली म्हणून डोकं माझ्याकडे आलंय. कानामागच्या केसांखाली भोकं पाडली, वर काळी जाळी लावून केस विंचरून बसवले. दुसरा जोडही शिवला नि त्याचे पैसे जबड्याच्या दुरुस्तीत लावले. मालकांना यातलं काही सांगितलेलं नाही. पोराला सांगितलंय. वाघ एकदा मारायचा की दोनदा, ते आता त्याचं त्यानं ठरवावं. एकदाच मेला तर मालकांचा फोन मलाच येईल.