ग्रीन लेकच्या धक्क्यावरचा ट्राउट

सिएटलला येऊन आम्हांला पाच महिने झाले होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शहरातल्या ग्रीन लेक या तळ्याच्या कडेने चालत असताना धक्क्यावरच्या एका माणसाच्या गळाला लागलेला चकचकीत मासा माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने पाहिला आणि "बाबा, आपणही पकडू या" असा हट्ट धरला. मी मूळचा मालवणकडचा असून लहानपणीच्या कितीतरी सुट्ट्या जेटीवर बसून, तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याला, गरी (गळाचा आकडा) बांधून आणि तिला कोळंबीचा तुकडा लावून गरवण्यात घालवलेल्या आहेत. त्यामुळे तळ्यातला मासा पकडण्यात काय मोठेसे, असे मला वाटले. हा समज उतरायला तीन शनिवार लागले.

पहिली ठेच परवान्यापाशी लागली. सिएटल ज्या राज्यात आहे त्या वॉशिंग्टन राज्यात 15 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो, त्याहून लहान मुलांना लागत नाही. शिवाय राज्यात सलग 90 दिवस वास्तव्य झालेले असेल तरच रहिवाशांच्या कमी दराने तो मिळतो. या दोन्ही गोष्टी मी नीट वाचल्या आणि 10 मार्चला गोड्या पाण्याचा वार्षिक परवाना ऑनलाइन घेतला. परवान्याचे वर्ष मात्र 1 एप्रिलला सुरू होऊन 31 मार्चला संपते, ही ओळ माझ्या नजरेतून सुटली. वर्षाचे पैसे भरून माझ्या हाती आले ते अवघे 22 दिवस, आणि त्याचा दोष दुसऱ्या कोणाला देण्याची सोय नव्हती.

आम्हांला पकडायचा होता तो मासा म्हणजे ट्राउट. त्याची मर्यादा दिवसाला पाच माशांची आहे. तिला जोडलेला एक पोटनियम मला सुरुवातीला विचित्र वाटला: आमिष लावून पकडलेला ट्राउट परत पाण्यात सोडला, तरी तो त्या पाचांत मोजला जातो. पुढे कारण कळले. आमिष मासा गिळतो, गरी घशात खोल रुतते, आणि असा मासा सोडून दिला तरी बहुधा जगत नाही. लहान मासे सोडत सोडत पाच मोठे जमवण्याची हाव या नियमाने आपोआप बंद होते.

पहिल्या दोन शनिवारी मी कोकणातलीच पद्धत वापरली, म्हणजे टोकाला जड शिसे, त्याच्या जवळच मोठी गरी आणि तिला कोळंबी. ग्रीन लेकच्या तळाशी पाणवनस्पतींचे दाट रान माजलेले असते. माझे आमिष थेट त्या रानात जाऊन बसे, आणि दोन तासांनी दोरा ओढला की हिरव्या शेवाळी झुबक्यांखेरीज काही वर येत नसे. शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी दुसऱ्या शनिवारी न राहवून मला विचारले की, हा मासा मुळात कुठून येतो हे तुम्हांला ठाऊक आहे का.

उत्तर मला ठाऊक नव्हते, आणि सगळी गोम त्यातच होती. हे इंद्रधनुषी ट्राउट, म्हणजे रेनबो ट्राउट, तळ्यात जन्मत नाहीत. त्यांना अंडी घालण्यासाठी वाहते पाणी आणि गोटे-वाळूचा तळ लागतो, तो इथे नाही. राज्याचा मत्स्य व वन्यजीव विभाग त्यांना संवर्धन केंद्रात वाढवतो आणि साधारण 11 इंचांचे झाले की टाकीच्या ट्रकमधून आणून तळ्यात सोडतो. कोणत्या तळ्यात किती मासे कधी सोडले, याची नोंदही तो विभाग जाहीर करतो. वरून पडणाऱ्या खाद्याच्या गोळ्यांवर पोसलेला हा मासा नव्या पाण्यात आल्यावर पहिले काही दिवस थव्याने, काठाजवळ आणि वरच्या थरात फिरत असतो. तळाच्या रानात ठेवलेली कोळंबी त्याच्या वाटेवर नव्हतीच.

त्या गृहस्थांनी मला पॉवरबेट नावाची पिठाच्या लगद्यासारखी, पाण्यात तरंगणारी पेस्ट दिली आणि दोऱ्याची मांडणी बदलून दाखवली. भोक असलेले शिसे मुख्य दोऱ्यावर मोकळे सरकते. त्याखाली एक छोटी फिरकी, म्हणजे दोन दोरे जोडणारी फिरती कडी. तिला सुमारे दोन फूट लांबीचा बारीक दोरा आणि त्याच्या टोकाला अगदी लहान गरी. शिसे तळाला टेकले तरी आमिष रानाच्या वर तरंगत राहते, आणि माशाने ओढ दिली की दोरा शिशाच्या भोकातून सुळकन निघून जातो, त्यामुळे त्याला वजन जाणवत नाही. त्यांनी दिलेली सर्वांत उपयोगी सूचना अगदी साधी होती: गळ लांब फेकण्याआधी गरीला लावलेली पेस्टची गोळी धक्क्याच्या कडेलाच पाण्यात सोडून ती तरंगते की नाही ते पाहावे. माझ्या मोठ्या गरीवर ती तरंगत नव्हती.

तिसरा शनिवार माझ्या परवान्याचा शेवटचा शनिवार होता. त्याच आठवड्यात मासे सोडल्याची नोंद पाहूनच आम्ही निघालो होतो. अर्ध्या तासात दोरा सरसरत गेला, मी मासा धक्क्यापर्यंत आणलाही, पण घाईने दोऱ्यालाच धरून वर उचलू लागलो. धक्का पाण्यापासून बराच उंच आहे. हवेत आलेल्या माशाचे सगळे वजन बारीक दोऱ्यावर पडले आणि तो तुटला. मुलगा काही बोलला नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होते. शेजाऱ्यांची लांब दांड्याची जाळी मागून घेतल्यावर दुपारपर्यंत त्याला दोन आणि मला एक असे मासे मिळाले. माझा जरा बारीकच होता, पण आमिषावर आलेला असल्यामुळे तोही बर्फात ठेवला.

घरी साफ करताना या माशाचे एक सुख कळले: खवले इतके बारीक असतात की ते काढावे लागत नाहीत. पोट चिरून, कल्ले आणि आतडी काढून, कण्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ अंगठ्याच्या नखाने खरवडली की झाले. ती राहिली तर चव कडवट लागते. तळ्याच्या माशाला येणारा मातकट वास कोकमाच्या आगळाने पुष्कळसा गेला. हळद, तिखट, मीठ लावून आणि तांदळाच्या पिठात घोळवून तिन्ही मासे तव्यावर अख्खेच तळले. मुलाने शेपटीकडचा कुरकुरीत भाग आधी संपवला, आणि 1 एप्रिलच्या सकाळी मी नवा परवाना घेतला.